कुस्ती खोटी, पडणं खरं
(पालक-युवक मेळाव्यातील भाषण)



टीव्हीवरची कुस्ती मुलांनी पाहावी का, हा काय चळवळीचा विषय झाला? काल मला एकाने असंच विचारलं. त्याला मी घरची गोष्ट सांगितली. गेल्या ईदला माझ्या सात वर्षांच्या भाच्याने पलंगावरून धाकट्या बहिणीच्या अंगावर झेप घेतली. तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. सगळे ओरडल्यावर तो रडत म्हणाला, "मामू, टीव्हीवर तर उठून उभे राहतात!"

पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याने जे पाहिलं तेच सांगितलं.

डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात कंपनीनेच कबूल केलं, की हा खेळ नाही, करमणूक आहे. कारण खेळ म्हटलं की सरकारी नियम लागू होतात. पण निकाल ठरलेला असला तरी पडणं खरं असतं. १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत ओवेन हार्टला छतावरून दोराने खाली सोडत होते. तो निसटला, रिंगणात पडला आणि गेला. ही माणसं वर्षानुवर्षं पडण्याचा सराव करतात, तरी ही गत. "घरी करून पाहू नका" ही पाटी सात वर्षांचं मूल वाचत बसत नाही.

मला मात्र हाडापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते.

२००५ साली मी नववीत होतो. तेव्हा मोहम्मद हसन नावाचं पात्र टीव्हीवर होतं. सुरुवातीला तो म्हणायचा, "९/११ नंतर आम्हा अरब-अमेरिकनांकडे संशयाने पाहतात." तक्रार खरीच होती. पण ती खलनायकाच्या तोंडी घातलेली, म्हणून लोक हुर्यो उडवायचे. जुलैमध्ये एका भागात त्याने दुआ मागितल्यासारखं केलं आणि बुरखाधारी माणसं येऊन अंडरटेकरवर तुटून पडली. तो भाग ७ जुलैला दाखवला गेला. त्याच दिवशी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले होते. ओरड झाली, आणि त्याच महिन्यात ते पात्र बंद केलं. ते करणारा नट इटालियन वंशाचा होता.

त्याआधी आयर्न शेख होता. तो खराखुरा इराणी पहिलवान. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास त्यालाच इराकी कर्नल बनवलं! शत्रू बदलला की नुसता वेश बदलायचा.

आता माझी कबुली. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसून हसनविरुद्ध मीही ओरडत होतो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. पुढे वर्गातली पोरं मलाच "हसन" म्हणू लागली. मी हसत राहिलो. घरी कुणाला सांगितलं नाही. आपल्याच नावाची लाज वाटू शकते, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून टीव्ही फोडा, असं मी म्हणणार नाही. बंदीने मूल शेजारच्या मोबाईलकडे जातं. माझं म्हणणं साधं आहे. लहानग्यांना हे दाखवू नका. थोड्या मोठ्यांना एकटं सोडू नका. २००८ साली अमेरिकेतही याला पालकांच्या देखरेखीचा दर्जा दिला गेला. शेजारी बसा आणि विचारा, "हा वाईट का? त्याने काय केलं म्हणून, की त्याचं नाव काय आहे म्हणून?"

आणि एखाद्या रविवारी पोरांना, पोरींनाही, तालमीत न्या. तिथे वस्ताद आधी पडायचं कसं ते शिकवतो. २०१८ साली जालन्यात बाला रफिक शेख महाराष्ट्र केसरी झाला. गदा मिळाली ती डावावर. त्यासाठी त्याला खलनायक व्हावं लागलं नाही.

भाच्याला मी तिथेच नेतो. परवा तो चितपट झाला, उठला, समोरच्याशी हात मिळवला आणि मला म्हणाला, "मामू, इथं खरंच लागतं."

बहिणीला आता तो पलंगावरून हात धरून उतरवतो.