सोमवारची धाप

अकोल्याचा काय, अमरावतीचा काय, कोणीही गृहस्थ कापसाचा भाव तोंडपाठ सांगेल. पण जिनात रेच्यापुढे कापूस घालणाऱ्या बाईच्या छातीचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय?

कापसाच्या धुळीने होणाऱ्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मोठी चमत्कारिक. सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, धाप लागते. दुसऱ्या दिवशी बरे वाटते. इंग्लंडात शिलिंग यांनी 1950 नंतर लँकेशायरच्या गिरण्यांत हेच विचारून रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. वर्षे लोटली की सारेच वार सोमवार होतात. क्ष-किरणाच्या चित्रात मात्र या रोगाची खास अशी खूण उमटत नाही, म्हणून 'साधा दमा' म्हणून तो खपून जातो.

आमच्याकडे आणखी एक फसगत. जिनाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. तो सरला की खोकलाही ओसरतो. मग बाई म्हणते, "थंडीचा होता जी, गेला." नाकावर बांधलेल्या पदराला ही बारीक धूळ जुमानीत नाही; ती यंत्रापाशीच ओढून घ्यावी लागते, आणि तो खर्च मालकाचा.

इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने 1700 सालच्या आपल्या ग्रंथात सांगितले, रोग्याला त्याचा धंदा विचारा. वऱ्हाडच्या डॉक्टरांनी आणखी एक विचारावे: बाई, धाप कोणत्या वारी लागते?