स्पर्म वाढवणारी गोळी खरंच आहे का?

आजचा विषय लोक दबक्या आवाजात बोलतात, आपण नेहमीच्या आवाजात बोलू. पुरुषांच्या वंध्यत्वावर औषध आहे का?

आपल्या शहागंजच्या घड्याळाजवळ उभं राहून फोनवर 'स्पर्म काउंट' टाइप करून बघा. पुढचे आठ दिवस चूर्ण आणि कॅप्सूलच्या जाहिराती पाठ सोडणार नाहीत. 'सात दिवसांत फरक!' आता गणित ऐका. शरीरात एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. म्हणजे सात दिवसांत नवीन माल बनतच नाही, भाऊ.

मग डॉक्टरांकडे काय आहे? काही पुरुषांत मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हार्मोनचा सिग्नलच पाठवत नाही. त्यांना एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शनं काही महिने देतात, आणि बऱ्याच जणांना गुण येतो. पण खूप जणांच्या बाबतीत कारणच सापडत नाही. त्यांच्यासाठी खात्रीची गोळी आज नाही.

व्हिटॅमिन? अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. पुरुषांना सहा महिने फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंक दिलं. बाळं काही जास्त जन्मली नाहीत.

आणि जिमवाल्यांनो, हे नीट ऐका. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन उलटं काम करतं. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आणि तो वृषणांचा सिग्नल बंद करतो. काउंट शून्यावरही जाऊ शकतो. इंजेक्शन थांबवलं तरी परत यायला महिने लागतात.

औषध शोधणं इतकं अवघड का? तयार शुक्राणूत डीएनए घट्ट गुंडाळून ठेवलेला असतो. तो नवीन प्रोटीन जवळपास बनवतच नाही. त्यामुळे जीनला हुकूम देऊन त्याला सुधारता येत नाही. आतली वायरिंगही पूर्ण कळलेली नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वेळी ब्लॅक बॉक्स टेस्टिंग करतो, म्हणजे इनपुट द्यायचं आणि आउटपुट बघायचं. स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठाने तेच केलं. छोट्या छोट्या खळग्यांत जिवंत शुक्राणू, प्रत्येकात वेगळं रसायन, वर कॅमेरा, आणि कोण किती जोरात पोहतो हे मोजणारं सॉफ्टवेअर. सुमारे १७ हजार रसायनं तपासली, त्यातली शंभरेक कामाची वाटली. पण हे झालं प्रयोगशाळेत. मेडिकलमध्ये गोळी यायला अजून बराच वेळ आहे.

तोपर्यंत वैद्यकशास्त्राने वळसा घातला. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीममुळे हर्षा चावडा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून इक्सीची बातमी आली. यात एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. कमाल आहे! पण बघा, अडचण नवऱ्याची, आणि रोजची हार्मोनची इंजेक्शनं बायकोच्या पोटात. भूल तिला, खर्च लाखात. पुरुषासाठी औषध शोधायचं ते यासाठी.

आणि आपल्याकडे पाळणा हलला नाही की पहिली तपासणी कुणाची? सुनेची. खरं तर अशा साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारणही असतं. वीर्य तपासणी साधी, स्वस्त, सुई नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे आणि सॅम्पल द्यायचं. एका मिलिलीटरला १ कोटी ६० लाख हा जागतिक आरोग्य संघटनेचा खालचा आकडा. त्याच्या खाली आलात म्हणजे नापास नाही, कमी काउंटवरही लोक बाप होतात. रिपोर्ट घेऊन यूरोलॉजिस्टकडे जा, इन्स्टाग्रामकडे नको.

तर भावांनो, बायकोला दवाखान्यात पाठवायच्या आधी स्वतःचं सॅम्पल द्या. हा भाग त्या एका मित्राला फॉरवर्ड करा, जो विचारायला लाजतो. भेटू पुढच्या भागात!