खोली बघायला जावं ते कामावरून सुटायच्या वेळी

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक अर्ज आला, खोलीच्या डिपॉझिटसाठी कर्ज मागणारा. अर्ज करणारी आमच्याच गटातली. आम्ही सगळ्या तिला अक्का म्हणतो. बारामतीच्या एमआयडीसीत कपडे शिवण्याचे कारखाने आहेत, तिथं तिला शिलाईच्या लाइनवर काम लागलंय. जवळपास खोली करायची आणि सायकलनं कामावर जायचं, असा तिचा विचार. सचिवताईंनी अर्ज वाचला आणि नंतर कुणीच काही बोललं नाही. कारण असाच अर्ज तिनं दोन वर्षांपूर्वी केला होता, आणि तेव्हा कुठली खोली घ्यायची हे सांगणारी मी होते. माझा सल्ला चुकला होता. तो कसा चुकला, तेच आज सांगते.

आमचं गाव एमआयडीसीपासून तीसेक किलोमीटर. रोज जाऊन-येऊन का करत नाही, असं कुणीही विचारेल. मार्च २०२३ पासून एसटीला आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता. पण आमची पहिली गाडी बारामतीच्या स्टँडवर पोचते साडेनऊला आणि कारखान्याचं गेट बंद होतं साडेआठला. अक्काचे मालक वारले, मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. दोघांना घेऊन तिकडंच राहायचं ठरलं.

मे महिन्यात मी तिला माझ्या स्कुटीवर मागं बसवलं आणि दोन खोल्या दाखवल्या. एक कारखान्यापासून तीन किलोमीटरवर, भाडं २६०० रुपये. दुसरी आठ किलोमीटरवर, भाडं १८००. मी लगेच हिशेब मांडला. महिन्याला ८०० वाचले, वर्षाला ९६००. अक्का म्हणाली, "लांब वाटतंय गं." मी म्हणाले, "अक्का, पंधरा मिनिटांत आलो की आपण!" स्कुटीवर पंधरा मिनिटं, आणि जायचं होतं तिला सायकलवर. हे माझ्या डोक्यात आलं नाही. बीए झालेली बाई मी!

आपल्यासारखी बाई लेडीज सायकलवर, कॅरिअरला डबा-पिशवी लावून, तासाला दहा-अकरा किलोमीटर जाते. म्हणजे आठ किलोमीटरला पाऊण तास आणि तीन किलोमीटरला सतरा-अठरा मिनिटं. दोन्ही वेळचं धरलं तर रोज जवळजवळ तासाचा फरक. महिन्याचे सव्वीस दिवस काम, म्हणजे सव्वीस तास. आठ तासांच्या तीन पाळ्यांपेक्षा जास्त वेळ अक्का नुसती पायडल मारत होती, ८०० रुपयांसाठी. त्यातून पाऊस आला किंवा पंक्चर झालं की शेअर रिक्षाला जाऊन-येऊन ६० रुपये. जुलैत असे नऊ दिवस निघाले. ५४० तिथंच गेले.

आणि वारा. आपल्याकडं पाऊस कमी, पण आषाढातला पश्चिमेचा वारा माणसाला ढकलतो. ती खोली कारखान्याच्या पश्चिमेला होती. म्हणजे दिवसभर मशीनवर बसून थकलेली बाई परतताना वाऱ्याच्या तोंडाला. उन्हाळ्यात त्याच वाटेवर सकाळी पूर्वेचं ऊन डोळ्यांत आणि संध्याकाळी मावळतीचं ऊन डोळ्यांत. समोरून येणारी गाडी दिसत नाही.

सगळ्यात मोठी चूक अंधाराची. खोली मे महिन्यात बघितली. तेव्हा सात वाजेपर्यंत उजेड असतो. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडं सहाच्या आत सूर्य मावळतो. पाळी सुटायची साडेपाचला, ओव्हरटाइम असला तर साडेसहाला. मेमध्ये मोकळा दिसलेला रस्ता दिवाळीनंतर दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस आणि मध्ये मिट्ट काळोख. त्यात साखर कारखाने सुरू झालेले. ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांना मागं लाल दिवाही नाही. एका संध्याकाळी मागून हॉर्न वाजला, अक्का साइडपट्टीवर उतरली, सुट्या खडीवर चाक घसरलं. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. शिलाईवालीचं उजवं मनगट! काम गेलं, मुलं पुन्हा गावच्या शाळेत आली, आणि गटाच्या कर्जाचे चार हप्ते थकले. बैठकीत तिला बोलणी खावी लागली, मला कुणी काही म्हणालं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दवाखान्यात अक्कानं सांगितलं, "घरात पाय घसरला." सुपरवायझर रागावेल ही भीती. पण तिच्या पगारातून ईएसआय कापली जात होती. आपल्या पगाराचा पाऊण टक्का त्यात जातो. त्या कायद्यात २०१० पासून अशी तरतूद आहे की घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातसुद्धा कामावरचा धरता येतो. मात्र वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो. तसं झालं असतं तर काम बंद असलेल्या दिवसांची पगाराच्या नव्वद टक्क्यांपर्यंत भरपाई मिळू शकली असती. तेव्हा पगाराची चिठ्ठी बघा, ईएसआय कापतात का ते विचारा, आणि रस्त्यात पडलात तर रस्त्यात पडले असंच सांगा.

या वेळी आम्ही तिघी गेलो, अक्का, अध्यक्षताई आणि मी. स्कुटी घरी ठेवली. अक्काची सायकल टेम्पोत टाकून नेली. साडेपाचला कारखान्याच्या गेटवर उभ्या राहिलो आणि तिथून अक्कानं प्रत्येक खोलीपर्यंत सायकल मारली, कॅरिअरला पाच किलो ज्वारीची पिशवी बांधून. घरी परतताना बाजार असतोच ना! आम्ही दोघी शेअर रिक्षानं पुढं जाऊन थांबायचो. दिवे कुठं आहेत, कुत्री कुठं धावून येतात, दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे सगळं त्या वेळेलाच कळतं. एका ठिकाणी देशी दारूचं दुकान नेमकं वळणावर होतं. दुपारी ते बंद असेल, दिसलंही नसतं. ती खोली तिथंच सोडली.

काही जणी म्हणतात, गेटसमोरच खोली घ्यावी, सायकल तरी कशाला? मला ते पटत नाही. गेटजवळच्या चाळीत भाडं जास्त, आणि आपलं काम ठेकेदाराकडचं, आज आहे उद्या नाही. त्यापेक्षा अशी जागा बघावी जिथून सायकलनं तीन-चार कारखान्यांची गेटं गाठता येतील. एकीकडचं काम सुटलं तरी खोली आणि मुलांची शाळा बदलायला नको.

आता जी खोली पसंत पडली ती कारखान्याच्या पूर्वेला, साडेतीन किलोमीटरवर आहे. येता-जाता दोन्ही वेळा ऊन पाठीवर. सकाळी पावसाळ्यातला वारा समोरून लागेल, पण तेव्हा पायात दम असतो. संध्याकाळी तोच वारा घराकडं ढकलेल. भाडं २८००. शाळा वाटेवर आहे, मुलीला रस्ता ओलांडायला लागत नाही. खोली तळमजल्यावर आहे आणि सायकल आत घेता येते. हे विचारून घ्या बरं का, वरच्या मजल्यावर रोज सायकल चढवणं होत नाही आणि बाहेर ठेवली तर राहील याचा भरवसा नाही. नळाला पाणी सकाळी सहाला येतं. घरमालकीण म्हणाली साडेसहाला, शेजारणीनं सहा सांगितलं. आम्ही शेजारणीचं धरलं. रेशनकार्ड बदलावं लागत नाही, तिथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं.

अक्काच्या सासूबाई नाराज आहेत. "पुन्हा पडलीस तर?" असं त्या विचारतात, आणि त्यांचं काही खोटं नाही. सायकलला मागं लाल रिफ्लेक्टर लावला, पुढं बॅटरीचा दिवा लावला, ब्रेकची रबरं बदलली. ऊसवाहतूक सुरू असताना ओव्हरटाइम घेतला तर दोघी-तिघींनी मिळूनच निघायचं, हे लाइनवरच्या बायकांशी तिनं आत्ताच बोलून ठेवलंय.

कर्जाचा निर्णय येत्या पाच तारखेच्या बैठकीत आहे. मागचे हप्ते तिनं शेतमजुरी करून फेडले, शेवटचा गेल्या माघात. जामीन म्हणून या वेळी मी सही केली आहे.