मोटारीतील सैल चाक

१९१० साली औंध संस्थानच्या मुलखात, कुंडल रोड स्टेशनालगतच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना आणल्यापासून आम्हां कुंडलकरांची यंत्रांशी इतकी सलगी झाली आहे की, विहिरीवरचे एका सिलिंडरचे इंजिन थरथरू लागल्यास त्याचे जड चाक आणि पायाचे बोल्ट पाहावेत, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. परंतु हाच इलाज सहा सिलिंडरांच्या जुन्या मोटारीवरही बिनदिक्कत चालविला जातो, आणि माझी तक्रार आहे ती एवढ्यापुरतीच.

सहा दट्ट्यांचे वरखाली होणे परस्परांस तोलून धरते, हे खरे; तथापि त्यांचा क्रँकशाफ्ट लांब, आणि लांब म्हणूनच पिळणारा. कृष्णेच्या घाटावर लुगड्याचे एक टोक खुंटाला बांधून दुसऱ्या टोकाने ते पिळावे, तसा हा प्रकार आहे. मागचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हा खुंट, पुढचे टोक मोकळे, आणि सिलिंडरातला प्रत्येक स्फोट हा नवा पीळ. एक पीळ उलगडून परतण्याच्या ऐन क्षणी दुसरा बसू लागला, की त्या विशिष्ट वेगाला शाफ्ट खडखडतो आणि प्रसंगी तुटतो. आता खुंट आणखी जड केल्याने मोकळे टोक कसे शांत व्हावे?

रोल्स-रॉइसच्या १९०६ सालच्या प्रसिद्ध मोटारीत रॉइसने जाड शाफ्टला सात बेअरिंगांचा आधार दिला, त्यामुळे तो घातक वेग वर ढकलला गेला. खरी तजवीज मात्र त्याने, आणि लँचेस्टर या दुसऱ्या इंग्रज कारागिराने, मोकळ्या टोकाशी केली. तेथे एक लहान चाक बसविले, पण घट्ट नव्हे. केवळ घर्षणाने शाफ्टशी बांधलेले. लुगड्याच्या त्या टोकाभोवती कोणी मुठीचा सैल वेढा घालावा, म्हणजे लुगडे सावकाश फिरले तर मूठ त्याच्याबरोबर फिरेल, झटक्याने मागेपुढे झाले तर घासेल, आणि झटक्याचे बळ त्या घासण्यात जिरून जाईल.

आमचे मिस्त्री हे चाक हाताने किंचित सरकते असे पाहतात, 'सैल झाले' म्हणतात, आणि पान्याने आवळून टाकतात! अहो, ते सरकण्यासाठीच आहे. पुन्हा सांगतो, सरकण्यासाठीच आहे. आवळलेले चाक म्हणजे टोकाला लटकाविलेले निव्वळ ओझे. त्याने घातक वेग उलट खाली उतरण्याचा संभव.

चार सिलिंडरांची गोष्ट निराळी. तेथे दट्ट्याची चाल वरच्या अर्ध्या भागात अधिक जलद असल्याने प्रत्येक फेऱ्यात दोनदा हिसका बसतो, आणि त्यासाठी लँचेस्टरने दुप्पट वेगाने परस्परविरुद्ध फिरणारे दोन दंड योजिले, परंतु घड्याळ मला तिकडे वळू देत नाही. तेवढ्यात इतकेच सांगतो: चाक उघडाल तेव्हा घर्षणाच्या चकत्या झिजल्या असल्यास बदला, स्प्रिंगांचा दाब मूळचाच ठेवा, आणि पान्याला हात घालण्यापूर्वी—