केळीच्या पानाचा हिरवा

मागच्या वेळी आपण हिशोबाच्या वहीवर बोललो. आज रंगांवर बोलायचंय. रांगोळीच्या नाही, डब्यातल्या ऑइल पेंटच्या.

आमच्या गटाला गावातल्या घरांच्या ४० पाट्या रंगवायचं काम मिळालं. पाटीवर आधी बाईचं नाव, मग नवऱ्याचं. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. अक्षरं काढणारी मुलगी गटातच होती. रंगाचं काय, म्हटलं, त्यात शिकायचं काय? आम्हाला केळीच्या कोवळ्या पानाचा हिरवा हवा होता. तो दुकानात तयार मिळेना, म्हणून पिवळा आणि निळा आणून घरीच कालवला.

पहिलाच घाणा फसला. मी भांड्यात आधी निळा ओतला आणि त्यात पिवळा घालत बसले. पिवळ्याचा डबा संपत आला तरी रंग काळपटच. निळा फार जोरकस असतो, बायांनो. आधी पिवळा घ्यायचा आणि निळा काडीच्या टोकानं घालायचा. आमटीत मीठ घालतो तसं. घालता येतं, काढता येत नाही.

पिवळ्यातही फरक असतो. लिंबासारख्या पिवळ्यात निळा घातला की हिरवा लख्ख येतो. झेंडूसारख्या पिवळ्यात तांबूस छटा असते, आणि तांबडा हिरव्याला मारतो, म्हणून तो मळकट होतो. याचा उपयोगही आहे. हिरवा फारच भडक झाला तर त्यात तांबड्याचा एक थेंब टाका, शांत होतो. काळ्याच्या डब्याला लगेच हात घालू नका, काळ्यानं रंग मरतो.

खरी फजिती पुढेच. २३ पाट्या झाल्या आणि कालवलेला रंग संपला. माप लिहून ठेवलं नव्हतं. दुसऱ्यांदा रात्री बल्बखाली कालवला, तेव्हा अगदी सारखा वाटला. पाट्या दारांवर लागल्या आणि सकाळच्या उन्हात सगळ्या गल्लीनं पाहिलं, १७ पाट्या वेगळ्याच. एक काकू म्हणाल्या, "ताई, तुम्ही बी.ए. झालेल्या ना?" काय बोलणार!

१७ पाट्या परत रंगवायच्या, तर खर्च गटाच्या मिळकतीतून जाणार. बैठकीत बरीच बोलाचाली झाली. शेवटी रंग जुळवायला बसलो, तेही अंगणात, दिवसाउजेडी. डबा तळापासून ढवळला, कारण रंग खाली बसतो. एका जुन्या चमच्यानं मोजून कालवला आणि प्रत्येक चमचा वहीत लिहिला. मग पहिल्या पाटीच्या कोपऱ्यावर एक ठिपका दिला आणि रात्रभर वाळू दिला, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. तिसऱ्या दिवशीचा ठिपका शोधूनही सापडेना, तेव्हा जुळला म्हणायचं! मग लागेल त्याहून थोडा जास्तच रंग एकदम कालवला.

आता जपायचं काय, तेही ऐका. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा आपल्याकडे २०१७ पासून नियम आहे. डब्यावर तसं लिहिलेलं पाहूनच घ्या. गरोदर बाईला या कामाला बसवू नका, पोरांनाही लांब ठेवा. काम उघड्यावर करा, टर्पेंटाइन चुलीपासून दूर. हात टर्पेंटाइननं धुऊ नका, गोडेतेल चोळून मग साबण लावा. आणि रंगाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवा.

१६ पाट्या आम्ही बदलल्या. एका दारावर मात्र अजून तो चुकलेला हिरवा आहे. पाटी उतरवायला गेलो तर त्या मावशी दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "रंग कसा का असेना. माझं नाव लागलंय, आता खाली काढायचं नाही."