ट्रकचा आकडा कसा वाचावा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कागदावर जिल्ह्यात ट्रक हजारांनी; मग ऐन हंगामात गाडी का मिळत नाही? आकडा वाचायला शिकले पाहिजे.

'एमएच २९' म्हणजे यवतमाळला नोंदलेली गाडी. नॅशनल परमिट असले की ती आज पंजाबात, उद्या तामिळनाडूत. भंगारात गेलेल्या गाडीची नोंद रद्द केली नाही, तर ती कागदावर धावतच राहते.

नुसत्या गाड्या मोजून भागत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने सहाचाकी ट्रकची मालासकट वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन केली. गाडी एकही वाढली नाही, वाहतुकीची ताकद वाढली. त्यातही ज्वारीने गाडी वजनाने भरते. सुटा कापूस आधी जागाच खातो.

मालक कोण, तेही पाहा. देशात बहुतेक ट्रकमालकांकडे पाचाहून कमी गाड्या. त्यांना माल बहुधा दलालामार्फत मिळतो. म्हणजे आपण देतो ते सगळे भाडे गाडीवाल्याला पोचत नाही.

भाडे शेवटी आपल्याच भावातून कापले जाते. म्हणून गावाची वही ठेवा: तारीख, क्विंटल, अंतर, भाडे, दलाली. सौद्याला बसताना ती वही पुढे ठेवा.