पत : बाजारपेठेचा अलिखित कायदा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



‘जाय लाख, रहे साख’ ही म्हण व्यापारी घरांतून आपण सर्वांनीच ऐकली आहे. लाख गेले तरी चालतील, पण पत राहिली पाहिजे, हा तिचा अर्थ. हा केवळ नीतीचा उपदेश आहे, की बाजाराचे व्यवहारही त्यावरच चालतात, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

पूर्वी एका शहरातील पेढीने लिहिलेली हुंडी दूरच्या शहरातील पेढी सकारत असे. त्या कागदामागे मुख्य बळ होते ते लिहिणाऱ्याच्या नावाचे. हुंडी एकदा न सकारता परत आली की ती वार्ता पेठेत पसरे आणि त्या पेढीची पुढची हुंडी घेण्यास कोणी धजत नसे. एका लबाडीचा लाभ लहान आणि पुढील सारे व्यवहार गमावण्याची हानी मोठी, हे गणित ज्यास कळले तो सचोटीने वागू लागला.

हिऱ्यांच्या व्यापारात आजही हेच दिसते. लिसा बर्नस्टीन या अमेरिकन कायदेअभ्यासक विदुषींनी न्यूयॉर्कच्या हिरे बाजाराचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे मौल्यवान माल शब्दावर हातोहात जातो आणि तंटा झाल्यास तो बाजाराच्या लवादापुढे मिटविला जातो. लवादाचा निवाडा न पाळणाऱ्याचे नाव जगभरातील हिरे बाजारांना कळविले जाते. ही शिक्षा तुरुंगाहून सौम्य नाही.

जेथे पत नसते तेथे काय होते, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. ग्राहकास चांगली गाडी व वाईट गाडी यांतील भेद कळत नाही, म्हणून तो मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीस चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून तिचा मालक बाजारातून निघून जातो आणि मागे वाईट मालच उरतो. या कार्याबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पत जाते तेव्हा ती किती वेगाने जाते, याचेही उदाहरण पाहू. १९१३ मध्ये स्थापन झालेली आर्थर अँडरसन ही हिशेबतपासणीची पेढी एन्रॉन प्रकरणात २००२ मध्ये दोषी ठरली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. परंतु तोवर ग्राहक निघून गेले होते आणि सुमारे ८५ हजार कर्मचाऱ्यांची ती संस्था विखुरली होती. न्यायालयाने दोष पुसला, पण गेलेला विश्वास कोणी परत आणून दिला नाही.

पत एकट्याचीही नसते. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेतील गैरव्यवहार उघडकीस आला. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने आयातीसाठी दिली जाणारी ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’ची सोय बंद केली, आणि हिरे-दागिन्यांच्या व्यवसायास कर्ज देताना बँका हात आखडता घेऊ लागल्या. दोष मोजक्यांचा होता. त्याचा भार मात्र प्रामाणिक छोट्या व्यापाऱ्यांनाही सोसावा लागला. म्हणूनच आपल्या पेठेतील लबाडीकडे ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून डोळेझाक करणे कोणासही परवडणारे नाही.

मात्र पतीच्या सामर्थ्यास मर्यादा आहेत. ग्राहक पुन्हा येणार असेल आणि वार्ता पसरत असेल तरच तिचा धाक राहतो. सत्यम कंपनीस उत्तम कारभाराबद्दल २००८ मध्ये पुरस्कार मिळाला, आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच हिशेब फुगविल्याची कबुली दिली. नाव मोठे असूनही आतले खाते खोटे असू शकते. म्हणून शासनाचे नियम हवेत. सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला, तो याचसाठी. त्यामुळे ज्यास वडिलोपार्जित नाव नाही अशा नवख्या सराफासही आपला माल खरा असल्याचे दाखविता येते.

आणि जेथे नियमही पोहोचत नाही, तेथे? अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटे वजन-माप आणि भेसळ यांची गणना आपल्या आचार्यांनी केली आहे. पत जगाच्या नजरेवर अवलंबून असते, तर व्रत कोणी पाहत नसतानाही पाळावयाचे असते. तरुण मित्रांनो, ज्या दुकानात व्रत पाळले जाते तेथे पत मागाहून आपोआप येते आणि दीर्घकाळ टिकते. वडिलांकडून मिळालेले नाव हे आपल्याकडे ठेवलेली ठेव समजा, आणि ती पुढील पिढीच्या हाती अखंड सोपवा.